पगारे सर आणि पोपची विभक्ती

पोप वारले त्या दुपारी आमच्या सोसायटीतल्या तिघी-चौघींनी साधनाताईंना फोन करून विचारलं, "सर कसे आहेत? सावरले का?"

दोन हजार पंचवीसचा एप्रिल होता. नाशिकच्या उपनगरातल्या आमच्या सोसायटीत पोपशी काही संबंध असलेला एकच माणूस होता, साधनाताईंचे यजमान किशोर कोंडाजी पगारे. आता संबंध म्हणजे काय, तर सर ख्रिस्ती नव्हते. बौद्ध कुटुंबातले, माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रोम सोडा, विमानातही बसलेले नव्हते. पण त्यांना लॅटिन येत होतं. निदान ते तसं म्हणत, आणि ते खोटं ठरवायला लागतं तेवढं लॅटिन आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि आता त्यांच्या समोरच्या रो-हाउसमध्ये राहते. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं साधनाताईंनी माझ्या ओट्यावर बसून सांगितलेलं.

त्या दुपारी साधनाताईंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला सरांना काठी देऊन बसवलं होतं. तासाभरात सर मोबाइल हातात घेऊन जिना उतरत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून गरजले, "सेदे वाकान्ते!"

"कोण वाकलं?" साधनाताईंनी विचारलं.

"आसन रिक्त झालं, साधना! पीटरचं आसन रिक्त झालं!"

"आणि गच्चीवर कोण आहे?"

गच्चीवर कावळे होते. त्या वर्षी पगाऱ्यांच्या घरी कुरडया झाल्या नाहीत.

सरांना हे लॅटिन कुठून लागलं ते सांगायला हवं. ते मूळचे नांदगावकडचे. वडील रेल्वेत गँगमन. आठवीत संस्कृत घ्यायचं म्हणून हा मुलगा हौसेनं पहिल्या बाकावर जाऊन बसला, तर संस्कृतच्या मास्तरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग म्हणाले, "तुझ्या जिभेला हे वळायचं नाही रे. तू हिंदी घे." मुलगा उठून हिंदीच्या वर्गात गेला. या गोष्टीवर मी आजवर हसलेले नाही आणि हसणारही नाही. हसण्यासारखं जे आहे ते त्याच्या पुढचं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतल्यावर त्यांना कळलं की आंब्याला, बाभळीला, घाणेरीला, सगळ्यांना लॅटिन नाव असतं. म्हणजे संस्कृतच्या तोडीची एक जुनी, अवघड, मेलेली भाषा आहे, आणि तिच्या दारात कुणी मास्तर आडनाव विचारत उभा नाही. नाशिकमधल्या द्वारकेच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी लॅटिन व्याकरणाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं आणि एकट्यानं घोकलं. एकट्यानं घोकण्याचा फायदा असा की चाळीस वर्षांत त्यांची एकही चूक कुणी काढली नाही. तोटाही तोच. अशा विद्येनं माणूस फार लवकर विद्वान होतो.

पोप आले ते लॅटिनच्या मागोमाग. ही भाषा अजून नांदते असं एकच घर जगात उरलंय, व्हॅटिकन, आणि तिथल्या एटीएमवरसुद्धा लॅटिनमध्ये सूचना येतात, हे त्यांना कुठंसं वाचायला मिळालं. तेव्हापासून ते त्या घरचे झाले. पचनसंस्था शिकवता शिकवता ते विटेर्बो गावात पोचत. तिथे साडेसातशे वर्षांपूर्वी कार्डिनल मंडळींचं पोप निवडायला जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, ताटात फक्त पाव-पाणी ठेवलं आणि शेवटी वरचं छप्पर काढून टाकलं. पोरं खूश व्हायची. जठर मात्र पुढच्या तासावर जायचं. पोरांनीच त्यांचं नाव 'पोपसर' पाडलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात सरांनी फॉर्मोसस नावाच्या पोपची गोष्ट सांगितली. त्यांच्या पश्चात आलेल्या पोपनं त्यांचं प्रेत उकरून, झगा घालून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यावर खटला चालवला, शिक्षा म्हणून बोटंही तोडली. मुख्याध्यापक हार गळ्यात घालून खुर्चीतच बसले होते. त्यांना पाणी द्यावं लागलं.

असा हा माणूस. त्यामुळे पोप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी राकेश दारात उभा राहिला, तेव्हा सरांना मुळीच नवल वाटलं नाही. राकेश त्यांचा जुना विद्यार्थी. दहावीला जीवशास्त्रात काठावर सुटलेला आणि आता यूट्यूबवर 'झणझणीत नाशिक' नावाचं बातम्यांचं चॅनल चालवणारा. त्याला पोपवर बोलणारा माणूस हवा होता. चर्चच्या फादरांना त्यानं फोन केला होता, पण ते प्रार्थनासभेच्या गडबडीत होते.

"सर, तुम्ही बोला. खाली 'व्हॅटिकन अभ्यासक' लिहितो."

"ज्येष्ठ," सर म्हणाले.

"काय सर?"

"ज्येष्ठ व्हॅटिकन अभ्यासक."

चॅनलचा स्टुडिओ म्हणजे द्वारकेला एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. पहिल्या कार्यक्रमात सरांनी 'कॉन्क्लेव्ह' शब्दाची फोड केली. "कुम् म्हणजे सह, क्लाविस म्हणजे किल्ली. किल्लीसकट, म्हणजेच कुलूपबंद खोली."

"अच्छा," राकेश म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे महापौर निवडायच्या आधी नगरसेवकांना रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवतात, तसं."

सरांनी क्षणभर विचार केला. "तत्त्व तेच. तिथे पोहायचा तलाव नसतो."

एवढा तुकडा राकेशनं कापून वेगळा टाकला आणि तो शहरभर फिरला. मग सरांना उसंत मिळेना. ज्येष्ठ नागरिक संघानं शाल-श्रीफळ दिलं. रोटरीवाल्यांनी जेवायला बोलावलं. एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकावर कोपऱ्यात सरांचाही फोटो आला. सरांनी मेन रोडवरून लाल जाकीट आणलं आणि स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायला लागले. "आमचं मत असं की नवे पोप आशियातले असावेत." ऐकून वाटावं, तिकडे मतपत्रिका कोरी ठेवून ह्यांच्या फोनची वाट बघतायत.

"भाजीला काय करू?" साधनाताई विचारत.

"आम्हाला काहीही चालेल."

"तुम्हाला दोघांना एकच करते मग," त्या म्हणत.

फादर ज्ञानेश यांनी बोलावलं ते याच सुमारास. नाशिकरोडकडच्या एका लहानशा चर्चचे ते धर्मगुरू, चाळिशीचे, शांत. रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर पोपच्या निवडीची परंपरा लोकांना समजावून सांगाल का, असं त्यांनी फोनवर विचारलं. सर साधनाताईंना आणि मला घेऊन गेले. श्रोत्यांमध्ये ओळखीचे चेहरे असले की त्यांना कंठ फुटतो.

भाषण बरं झालं, खोटं कशाला बोलू. निवड झाली की नाही हे सांगणाऱ्या धुराचा रंग, कार्डिनलांच्या शपथा, नव्या पोपनं नवं नाव घ्यायची रीत, सगळं रंगवून सांगितलं. लोक मान डोलवत होते. आभार मानून झाल्यावर फादर म्हणाले, "आपल्या आजीबाई सरांसाठी एक गाणं म्हणणार आहेत, लॅटिनच." पांढऱ्या लुगड्यातल्या पाच-सहा म्हाताऱ्या उठल्या. पुढे होत्या रंगूबाई, ऐंशीच्या आसपासच्या, दात गेलेल्या, आवाज मात्र खणखणीत. लहानपणी खेड्यातल्या मिशनमध्ये परदेशी फादरनं शिकवलेलं मेरीआईचं गाणं त्यांनी सुरू केलं, "रेजिना चेली, लेतारे..."

सरांनी हात वर केला. गाणं थांबलं.

"चेली नव्हे, आजी. गुरूची चेली नव्हे ही. काइली. आणि रेजिना नव्हे, रेगीना. म्हणा, रेगीना काइली."

"काय इली?" रंगूबाईंनी कान पुढे केला.

"काइली! म्हणजे स्वर्गाची. स्वर्गाची राणी."

"राणी ते ठावं हाय मला. तिचंच तर गाणं हाय." रंगूबाई हसल्या. "फादरनं जसं शिकवलं तसं म्हणतो आम्ही. मेरीआईला कळतंय ते."

मागच्या बाकांवर हशा झाला आणि सरांचे कान लाल झाले. "मेरीआईला कळत असेल, व्याकरणाला नाही कळत," ते म्हणाले. "असो. जिभेला वळण नसलं की असं व्हायचंच. राहू द्या, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. फादरनी चहा सांगितला. रंगूबाई जागेवर जाऊन बसल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.

परत रिक्षानं आलो. घरासमोर उतरल्यावर साधनाताई म्हणाल्या, "आज चर्चमध्ये तुमचे नांदगावचे संस्कृतचे मास्तर आले होते."

"कुठे?" सर चपापले. "ते तर कधीच वारले."

"मला दिसले ना. लाल जाकीट घालून."

सरांनी रिक्षावाल्याला पैसे दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचा चष्म्याचा नंबर वाढलाय." ते खरंच तसं समजले की तसं दाखवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात कार्डिनल कोंडले गेले. सरांचं लक्ष कोण निवडून येतो याकडे नव्हतंच. त्यांच्यापुढचा प्रश्न विभक्तीचा होता. बाल्कनीतून नव्या पोपचं नाव जाहीर करतात तेव्हा ते कधी द्वितीयेत घेतात, कधी षष्ठीत. बेनेडिक्टच्या वेळी षष्ठी होती, फ्रान्सिसच्या वेळी द्वितीया. या वेळी काय? या एका प्रश्नासाठी ते मला सकाळच्या फिरण्यात दोन फेऱ्या जास्त मारायला लावत. आणि गंमत अशी की ज्या संस्कृतनं त्यांना दारातून परत पाठवलं, तिच्याच प्रथमा-द्वितीया घेतल्याशिवाय त्यांना आपलं लॅटिन कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्या दिवशी आम्ही एकाच फेरीत घरी आलो.

ज्या रात्री पांढरा धूर निघाला, त्या आठवड्यात सीमेवर वातावरण तापलेलं होतं. देवळाली-ओझरचे लष्करी तळ शेजारी असल्यामुळे नाशिककर जरा जास्तच कावरेबावरे झाले होते. राकेशच्या पडद्यावर दिवसभर विमानं आणि ज्वाळा. जाकीट घालून सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले. मध्येच राकेशला दया आली आणि त्यानं माइक पुढे केला, "सर, युद्धाबद्दल लॅटिनमध्ये काय सांगाल?" सर म्हणाले, "बेल्लुम. नपुंसकलिंगी." माइक परत गेला.

शेवटी व्हॅटिकनची बाल्कनी पडद्यावर आली. आम्ही घरी बघत होतो, मी, साधनाताई आणि माहेरपणाला आलेली त्यांची लेक चैताली. दार उघडलं, घोषणा झाली. नाव आलं लिओ, चौदावे. जगभर लोक विचारत होते, हे कोण, कुठले. आमच्या पडद्यावर सर खुर्चीतून उठून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "द्वितीया! द्वितीया!"

राकेश गोंधळला. "दुसरे? सर, चौदावे म्हणतायत ना?"

"लेओनेम! द्वितीया!"

"दुसरे लिओ का चौदावे लिओ, प्रेक्षकांना एकदा क्लिअर करा सर."

सरांनी समजावलं आणि राकेशला समजलं नाही. मग प्रतिक्रिया म्हणून काहीतरी हवं होतं, तेव्हा सर गंभीर झाले. "निवड उत्तम. मात्र एक त्रुटी आमच्या कानांनी टिपली. घोषणा करताना 'देचिमुम' असा उच्चार झाला. रोमनांच्या काळात तो 'देकिमुम' होता. अशा प्रसंगी असं व्हायला नको होतं."

अर्ध्या तासात राकेशनं लाल अक्षरांत शीर्षक टाकलं, "पोपच्या घोषणेत घोडचूक! नाशिकच्या सरांनी पकडली!"

पुढे काय झालं ते हल्लीच्या दिवसांत कुणालाही कळेल. पहिल्या दिवशी अभिमान. "नाशिकचा वाघ", "व्हॅटिकनला झणझणीत मिसळ" वगैरे. दुसऱ्या दिवशी गोव्याच्या एका फादरांनी खाली चार सभ्य ओळी लिहिल्या. चर्चचं लॅटिन शेकडो वर्षं असंच उच्चारलं जातं, जुन्या रोमनांचा उच्चार वेगळा होता, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आपल्या आवडीबद्दल कौतुक वाटतं. या सभ्यपणानं घात केला. लोकांना कळलं की सर चुकले. मग चेष्टा सुरू झाली. सोसायटीत क्रिकेट खेळणारी पोरं बाद झाल्यावर "देकिमुम!" ओरडायला लागली. दूधवाला साधनाताईंना "अर्धा लिटर का देकिमुम?" म्हणाला. नगरसेवकाच्या पुढच्या फलकावर सरांच्या जागी जिमवाल्याचा फोटो आला.

फादर ज्ञानेश घरी आले ते मात्र चेष्टेसाठी नव्हे. त्यांच्या लोकांना वाईट वाटलं होतं. उच्चाराचं नव्हे, त्या "घोडचूक" शब्दाचं. "तुम्ही रविवारी येऊन दोन शब्द बोललात तर विषय संपेल," ते म्हणाले. राकेशचाही फोन आला. "सर, माफीचा व्हिडिओ करू. माफी जास्त चालते."

सरांनी तीन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. रविवारी सकाळी दाढी करून, जाकीट न घालता निघाले. मी आणि साधनाताई मागोमाग. चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर ते पुढे गेले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "बेनेडिक्ट पोपनी राजीनामा दिला तो लॅटिनमध्ये. गंभीर गोष्ट गंभीर भाषेतच बोलावी." आणि त्यांनी लॅटिन वाचायला सुरुवात केली.

पाच मिनिटं वाचलं. आवाज कापत होता, मध्ये एकदा थांबून त्यांनी चष्मा नीट केला. लोक मान खाली घालून ऐकत होते. काहींचे डोळे पाणावले, एवढा मोठा माणूस, एवढी अवघड माफी. सगळ्यांत आधी रंगूबाईंनी टाळी वाजवली.

"काय म्हनले सर?" त्यांनी फादरना विचारलं.

फादर ज्ञानेश थोडं थांबले. "माफी मागितली," ते म्हणाले.

विषय खरंच संपला. चैतालीनं मात्र साधनाताईंनी फोनवर रेकॉर्ड केलेलं मागून घेतलं आणि भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात वाचत होतो. त्यात लिहिलं होतं, "तुम्ही दुःखी झालात याचं मला दुःख आहे. तथापि क हा क आहे. ज्यांना शिकायचं नाही त्यांना शिकवणं व्यर्थ आहे, तरीही मी त्यांच्यावर रागावलेलो नाही." पुढे रोमन व्याकरणकारांचे दाखले होते.

"फादरना कळलं असेल का?" चैतालीनं विचारलं.

"कळल्याशिवाय का थांबले ते," साधनाताई म्हणाल्या आणि फोन उपडा ठेवला. सरांना आम्ही काही बोललो नाही. माझ्या मते आमच्या सगळ्यांत चांगलं लॅटिन त्या दिवशी फादरना आलं, म्हणजे कुठे गप्प बसायचं एवढंच.

मला वाटलं होतं, आता सर खचतील. तसं काही झालं नाही. जूनमध्ये त्यांनी फाटकावर पाटी लावली, "स्कोला लातीना". खाली बारीक अक्षरात, "प्रवेश सुरू".

पहिल्या दिवशी दोन विद्यार्थिनी आल्या. एक निकिता, फार्मसीची. तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीतली लॅटिन अक्षरं समजून घ्यायची होती, ती एका दुपारीत समजली आणि ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या रंगूबाई. त्यांची नात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली होती आणि नातीच्या घरात दुपारी वीज जात होती. "तुमच्यात पंखा चालतो," त्यांनी सरळ सांगितलं. सर "काइली" म्हणायचे. रंगूबाई "चेली" म्हणायच्या. दोघंही तासभर हटायचे नाहीत. मग साधनाताई चहा आणायच्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गर्दी झाली. स्कूटरवरून आईबाप येऊ लागले, मागे दप्तरवाली पोरं. एका गृहस्थानं फाटकाशीच विचारलं, "लातूर पॅटर्नचे क्लास ना हे? नीटची बॅच कधीपासून?"

सर खुलासा करायला पुढे झाले. मी आणि साधनाताई ओट्यावरून ऐकत होतो.

"हे लातूर नव्हे," सर म्हणाले, "लातीना. लॅटिन ही एक प्राचीन..."

"बायोलॉजी घेता का?"

"घेतो म्हणजे, तीस वर्षं शिकवलंय."

"मग झालं! आमच्या साईला घाला."

सर पाटीकडे बघत राहिले. मागे आणखी दोन स्कूटर उभ्या होत्या. मग त्यांनी फाटक उघडलं.

आता त्यांच्या हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ बॅच चालते. पाटी तशीच आहे. ती बघून लोक लातूरहून आलेले सर म्हणतात आणि सर कुणाचा गैरसमज दूर करत नाहीत. रंगूबाई पंख्याखालची खुर्ची सोडत नाहीत. परवा मी साखर मागायला गेले, तर आत पचनसंस्था चालू होती आणि पोरं श्वास रोखून ऐकत होती, छप्पर काढल्यावर पाऊस आत आला का नाही ते.